सिमेंटच्या कणग्यांवरची माणसं

आई मागच्या उन्हाळ्यात, म्हंजे इथल्या उन्हाळ्यात, मेलबर्नला आली होती तेव्हा तिला ते नेहमीचे बीच, पेंग्विन वगैरे दाखवून झाल्यावर म्हटलं चल जरा खरा ऑस्ट्रेलिया बघू, आणि आम्ही दोघी गाडी घेऊन वायव्येला निघालो, बॅलराट मागे टाकलं, मग वॉरॅकनाबील, आणि तिथून पुढे हेन्टी हायवे. रस्ता इतका सरळ की बार्शी-सोलापूर रस्ता त्यापुढे घाट वाटावा. दोन्ही बाजूला कापलेला गहू, क्वचित एखादं झाड, आणि सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर झाल्यावर लांब क्षितिजावर काहीतरी उभं दिसायला लागतं. आधी खांब वाटतात, मग टाक्या वाटतात, मग एकदम लक्षात येतं की त्या टाक्यांवर माणसं आहेत. चार. दहा मजली उंचीची.

आईचा पहिला प्रश्न होता, "कोण वारलं का गं?"

हसू नका, तिचं बरोबर होतं. आपल्याकडे एवढा मोठा चेहरा दिसला तर एकतर वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा असतात नाहीतर भावपूर्ण श्रद्धांजली, तिसरी शक्यताच नसते. मी म्हटलं नाही, शेतकरी आहेत. "मग खाली नाव कुठंय?" नाव नाहीये. मुद्दाम नाहीये. आणि हे असं का, हे एवढं मोठं चित्र हाताने काढतात तरी कसं, परवानगी कोण देतं, आणि काढून झाल्यावर ते नक्की कुणाचं, हे तिला सांगता सांगता मलाच कळलं की हा विषय वाटतो तेवढा सरळ नाही, म्हणून इथे लिहितेय.

गावाचं नाव ब्रिम. जेमतेम शे-दोनशे वस्ती. चित्रकार गीडो व्हॅन हेल्टन, ऑस्ट्रेलियन, जन्म १९८६ चा. आणि ज्यावर चित्र आहे ते सायलो, म्हणजे गहू साठवायच्या सिमेंटच्या उभ्या कोठ्या. आईने लगेच त्याला कणग्या म्हटलं आणि तोच शब्द बरोबर आहे, फक्त ही कणगी तीस मीटर उंच. या आल्या कुठून तर आधी इथला गहू पोत्यांतून जायचा, आणि ती गोणपाटाची पोती यायची आपल्या कलकत्त्याहून, जहाजं भरभरून. पोती शिवणं, उचलणं, रेल्वेत चढवणं सगळं माणसांवर. मग सुटा गहू थेट कोठीत ओतायची आणि कोठीतून थेट वॅगनमध्ये सोडायची पद्धत आली आणि रेल्वेलाईनच्या कडेने गावोगाव या कोठ्या उभ्या राहिल्या. ब्रिमच्या १९३९ सालच्या. पुढे ट्रक मोठे झाले, साठवण थोड्याच मोठ्या केंद्रांवर गेली, आणि छोट्या गावातल्या कोठ्या रिकाम्या उभ्या. पाडायला खर्च, ठेवायला उपयोग नाही. त्यात वर्षानुवर्षांचा दुष्काळ आणि पोरं शहराकडे. हा भाग वाचताना कुणाला मराठवाडा आठवला तर मला पण आठवला होता.

आता ग्राफिटी, स्ट्रीट आर्ट आणि म्युरल यात लोक नेहमी घोळ घालतात, तर एकदाच सांगते. ग्राफिटी म्हणजे मुळात अक्षरं, स्वतःचं टोपणनाव वळणदार करून भिंतीवर मारायचं, आणि ते बहुतेक करून विनापरवानगी, ते वाचणारेही दुसरे ग्राफिटीवालेच. स्ट्रीट आर्ट म्हणजे चित्र, स्टेन्सिल (कापलेल्या साच्यातून मारलेला रंग), चिकटवलेलं पोस्टर, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असतं, परवानगी असते किंवा नसते. आणि म्युरल म्हणजे रीतसर ठरवून, भिंतीच्या मालकाला विचारून, बहुतेकदा पैसे घेऊन केलेलं. गंमत म्हणजे माणसं तीच असतात. व्हॅन हेल्टन स्वतः तरुणपणी ग्राफिटीतूनच आला, नंतर लिझमोरच्या विद्यापीठात कला शिकला. आणि विक्टोरिया राज्यात, जिथे ब्रिम आहे, तिथे २००७ चा ग्राफिटी प्रतिबंधक कायदा आहे, अठरा वर्षांखालच्या मुलाला स्प्रेचा डबा विकायचा नाही, काही ठिकाणी तर योग्य कारणाशिवाय डबा जवळ सापडला तरी गुन्हा. म्हणजे तोच डबा, तोच हात, कागदावर सही असेल तर पर्यटन आणि नसेल तर पोलीस. मेलबर्नच्या महापालिकेने २०१० मध्ये होझिअर लेन या गल्लीतला बँक्सीचा, म्हणजे इंग्लंडच्या जगप्रसिद्ध स्ट्रीट आर्टवाल्याचा, पॅराशूटवाला उंदीर साफसफाई करताना चुकून पुसून टाकला होता, सफाईवाल्यांना काय माहीत तो कुणाचा उंदीर!

असो. आता मेन गोष्ट, काढतात कसं.

लहानपणी आमच्या शाळेच्या भिंतीवर एक पेंटर यायचा, शिवाजी महाराज, सावित्रीबाई, सुविचार सगळं तोच रंगवायचा. त्याच्याकडे एक छोटं चित्र असायचं त्यावर पेन्सिलने चौकोन मारलेले, आणि भिंतीवर नीळ लावलेली सुतळी ताणून टण्णकन सोडायची की सरळ रेघ उमटायची, तशा आडव्या-उभ्या रेघा मारून तेवढेच चौकोन मोठे करायचे. मग कागदावरच्या एका चौकोनात जे आहे ते भिंतीवरच्या त्याच नंबरच्या चौकोनात. त्याला ग्राफ म्हणायचा तो. सिनेमाची पोस्टरं रंगवणारेही हेच करायचे आणि जगभर शेकडो वर्षं हेच चालू आहे.

पण तीस मीटर उंच गोल भिंतीवर सुतळी कोण आणि कशी ताणणार? म्हणून आजकाल बरेच म्युरलवाले एक भारी युक्ती करतात. भिंतीवर सरळ गिरगोटे काढतात, जिलब्या, फुल्या, अक्षरं, जे मनाला येईल ते, फक्त प्रत्येक ठिकाणी वेगळं. मग त्या गिरगोट्यांसकट भिंतीचा फोटो काढायचा, आणि फोनवर किंवा टॅबवर त्या फोटोवर आपलं चित्र अर्धपारदर्शक करून चढवायचं. आता वर पाळण्यात उभं असताना स्क्रीनवर दिसतं की डाव्या डोळ्याचा कोपरा बरोब्बर त्या उलट्या चारच्या शेपटीवर येतोय, की झालं, भिंतीवर तो उलटा चार शोधायचा आणि तिथे डोळा सुरू करायचा. चौकोन मोजायची भानगडच नाही. खालून बघणाऱ्या गावकऱ्यांना मात्र पहिले एक-दोन दिवस वाटतं की अरे याला आपण पैसे दिलेत आणि हा काय खरडतोय.

पाळणा म्हणजे बूम लिफ्ट, आपल्याकडे रस्त्यावरचे दिवे बदलायला असते तीच पण बरीच उंच. आणि ही लिफ्ट वाऱ्याची गुलाम. साधारण साडेबारा मीटर प्रति सेकंदापेक्षा, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरपेक्षा जास्त वारा असला की बाहेर वापरायचीच नाही असा या यंत्रांचा सर्वसाधारण नियम. सपाट माळ, अडवायला झाड नाही, डोंगर नाही, मग किती दिवस नुसतं खाली बसून चहा प्यावा लागत असेल विचार करा. ब्रिमचं काम २०१५ च्या अखेरीस चालू होऊन जानेवारी २०१६ मध्ये संपलं, म्हणजे इथला ऐन उन्हाळा, सिमेंट तापलेलं, आणि तापलेल्या भिंतीवर रंग पसरायच्या आतच वाळतो.

पण खरी अडचण उंची नाहीच, गोलाई आहे, आणि हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. घरातला एखादा उभा डबा घ्या आणि त्यावर गोल फिरवून कागद गुंडाळा. त्या कागदावर समोर मध्यभागी एक सेंटीमीटरची पट्टी मारली तर ती एक सेंटीमीटरच दिसते. पण तीच पट्टी बाजूला सरकवत नेली, मध्यापासून साठ अंशांवर, की ती समोरून अर्धीच रुंद दिसते, कारण पृष्ठभाग आपल्यापासून वळलाय. अगदी कडेला तर दोरा. आता तिथे जर कान आला तर? सपाट फोटो जसाच्या तसा गुंडाळला तर चेहरा मधे फुगलेला आणि कडेला चेपलेला दिसणार, चमच्याच्या पाठीजवळ नाक नेल्यावर दिसतो तसा. म्हणून कडेच्या गोष्टी मुद्दाम ताणून काढाव्या लागतात, भिंतीवर त्या चुकीच्याच असतात पण रस्त्यावरून बरोबर दिसतात. आणि किती ताणायच्या हे बघणारा कुठे उभा आहे त्यावर. म्हणजे काढायच्या आधीच ठरवावं लागतं की हे चित्र नक्की कुठून बघायचं. शिवाय दोन कोठ्या जिथे जोडल्यात तिथे खोल घळ असते, तिच्यात दिवसभर सावली फिरत राहते, तिथे डोळा नाक काही ठेवायचं नाही. ब्रिमला चार माणसं चार कोठ्यांवर आहेत ती म्हणूनच, एका कोठीला साधारण एक माणूस. २०१७ मध्ये याच पट्ठ्याने साउथ ऑस्ट्रेलियात कूनलपिनला पाच कोठ्या रंगवल्या तर तिथेही पाच पोरं, गावच्या प्राथमिक शाळेतली. म्हणजे माणसं किती हे अर्धं भिंतीनेच ठरवलं असं म्हणायला हरकत नाही.

तसंच बघणारा चालत्या गाडीत आहे. हायवेवर शंभरच्या स्पीडने दोन किलोमीटर म्हणजे बहात्तर सेकंद. या सव्वा मिनिटात आधी नुसता आकार कळला पाहिजे, मग माणूस आहे हे कळलं पाहिजे, मग चेहरा, आणि अगदी जवळ आल्यावर सुरकुती. म्हणून मोठे उजेड-सावलीचे गठ्ठे आधी बसवतात, डोळ्यांची बुबुळं, केस, कापडाच्या चुण्या सगळं नंतर. आई गाडीतून उतरून अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इथं तर काहीच नाही!" खरंच काही नव्हतं. फिकट तपकिरी डाग, धुरकट कडा, मधेच सिमेंट ओतताना पडलेल्या आडव्या खुणा तशाच दिसतायत. शंभर पावलं मागे आल्यावर त्याच डागाचं मनगट झालं. म्हणजे रंगवणारा माणूस रोज दहा-बारा तास जिथे उभा असतो तिथून त्याला स्वतःचं चित्र दिसतच नाही! खाली यायचं, लांब चालत जायचं, बघायचं, परत वर.

रंगांचं पण तसंच. स्ट्रीट आर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर भडक गुलाबी-निळं येतं, आणि इथे तर सगळं राखाडी, भुरकट, जुन्या फोटोसारखं. काही लोकांना हे उदास वाटतं, मला सुरुवातीला वाटलं होतं. पण जुनं सिमेंट स्वतःच एक मधला रंग आहे, ना काळा ना पांढरा. चित्राचे टोन त्याच्या आसपास ठेवले की कुठे चित्र संपलं आणि कुठे भिंत सुरू झाली ते कळत नाही, माणसं भिंतीवर चिकटवल्यासारखी न वाटता भिंतीतून उगवल्यासारखी वाटतात, थोडी भुतासारखी पण. आजूबाजूचा गहू, धूळ, वाळलेलं गवत पण त्याच रंगाचं. तिथे भडक जांभळा मारला असता तर तो पेट्रोल पंपाचा बोर्ड झाला असता, हे माझं मत, पटत नसेल तर सोडून द्या.

रंग टिकायचं काय? आपल्याकडे नवीन घराला लोणा लागला की कसे पोपडे निघतात माहितीये ना, सिमेंटच्या आतले क्षार ओलीबरोबर बाहेर येतात आणि रंग ढकलून देतात. जुन्या कोठीचं हेच दुखणं. म्हणून आधी भिंत धुवायची, सुटलेलं सगळं काढायचं, प्रायमर मारायचा, आणि मग बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक नाहीतर सिलिकेटचा खनिज रंग, जो वर साय धरण्याऐवजी सिमेंटशीच जोडला जातो आणि आतली वाफ बाहेर जाऊ देतो. स्प्रे बहुतेकदा बारकाव्यांना आणि मऊ कडांना, डब्याची तोंडं बदलून, जाड फवाऱ्याची फॅट कॅप, बारीक रेघेची स्किनी कॅप. एवढं करूनही ऊन काही सोडत नाही. अमेरिकेचा चित्रकार कीथ हॅरिंग १९८४ मध्ये मेलबर्नच्या कॉलिंगवुडमध्ये एका टेक्निकल शाळेच्या भिंतीवर चित्र काढून गेला, ते पुढे इतकं फिकं पडलं की पुन्हा नव्याने रंगवायचं का आहे तेच जपायचं यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली, शेवटी २०१३ मध्ये आहे तेच जपून दुरुस्त केलं.

नाव का नाही, यावर येते. व्हॅन हेल्टनची कामाची पद्धत अशी की गावात जायचं, राहायचं, लोकांशी बोलायचं, फोटो काढायचे किंवा जुने फोटो शोधायचे, आणि त्यातून माणसं निवडायची. आइसलँडमध्ये रेक्याविकला त्याने तिथल्या जुन्या नाटकाच्या फोटोंवरून भिंती रंगवल्या. २०१६ मध्ये युक्रेनमधल्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताला तीस वर्षं झाली तेव्हा तिथल्या अर्धवट राहिलेल्या कूलिंग टॉवरच्या, म्हणजे पाणी थंड करायच्या मनोऱ्याच्या, आत त्याने एक चेहरा काढला, तो इगोर कोस्तिन या फोटोग्राफरने अपघातानंतर काढलेल्या फोटोवरून. ब्रिमला तीन पुरुष आणि एक बाई, वेगवेगळ्या पिढ्यांची, आणि ओळख जाहीर न करता. कारण एकाचं नाव टाकलं की उरलेल्यांचं ते राहत नाही. छोट्या गावात तर बघायलाच नको, अमक्याचा फोटो लावला आमच्याने काय घोडं मारलं, हे ब्रिममध्ये पण होणार आणि बार्शीत पण. आईला हे एका वाक्यात पटलं.

पण सगळीकडे असं नाही. ब्रिमचं चित्र गाजलं, २०१६ च्या सलमन पुरस्काराच्या अंतिम यादीत आलं, सिडनीच्या आर्ट गॅलरीचा मानाचा पुरस्कार आहे तो, आणि मग त्याच यारिअँबिअॅक तालुक्यातल्या, तालुकाच म्हणूया, बाकी गावांनी पण कोठ्या रंगवून घेतल्या. साधारण दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात सहा गावं. पॅचवोलॉकला चित्रकार फिन्टन मगीने गावातल्याच एका शेतकऱ्याला उभं केलंय. शीप हिल्सला ॲडनेट या चित्रकाराने तिथल्या मूळ आदिवासी समाजातली दोन वडीलधारी माणसं आणि दोन मुलं काढली, मागे रात्रीचं चांदण्यांनी भरलेलं आकाश, रंगीत, आणि तिथे ती माणसं कोण हे सांगणं हाच मुद्दा, कारण ज्यांचं नावच शतकभर कुणी घेतलं नाही त्यांना परत निनावी ठेवून काय साधणार. रूपान्यपला रशियाच्या युलिया वोल्चकोवाने लोखंडी कोठ्यांवर खेळाच्या टीममधली तरुण पोरं काढली. तसं ऑस्ट्रेलियात सगळ्यात आधी सायलो रंगवले ते वेस्टर्न ऑस्ट्रेलियात नॉर्दमला, २०१५ मध्ये, पण लाट आली ती ब्रिमनंतर, २०१८ मध्ये तर ऑस्ट्रेलिया पोस्टाने सायलोंची तिकिटं पण काढली.

लाटेचं जे होतं ते इथे पण झालंच. आता प्रत्येक गावाला सायलो हवाय, आणि काही ठिकाणी ते नुसतं मेंढ्या-ट्रॅक्टर-सूर्यास्त झालंय. लोक येतात, गाडीतून न उतरता फोटो काढतात, पुढच्या गावाला निघतात. चित्राने गावाचं अर्थकारण बदलतं असं जे सरसकट म्हणतात त्यावर माझा फारसा विश्वास नाही, खायला-बसायला एक तरी जागा उघडी असेल तर दोन डॉलर गावात राहतात, नाहीतर नाही.

व्हॅन हेल्टन स्वतः मात्र पुढे सरकला. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कॉलीजवळ वेलिंग्टन धरण आहे, मंदीच्या काळात लोकांना काम द्यायला १९३३ मध्ये बांधलेलं, भिंत ३४ मीटर उंच आणि ३६७ मीटर लांब. २०२१ मध्ये त्याने ती अख्खी भिंत रंगवली, आठ हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन एकर उभी जमीन! स्थानिक लोकांच्या फोटोंवरून, पाण्यात खेळणारी पोरं वगैरे, आणि परत तेच, धरणाच्या सिमेंटचा रंग, पाण्याच्या ओघळांचे डाग सगळं सांभाळून.

शेवटचा प्रश्न, चित्र कुणाचं. भिंत मालकाची, पण चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, चित्रकाराचाच राहतो. वर ऑस्ट्रेलियात २००० सालापासून नैतिक हक्क पण आहेत, म्हणजे नाव द्यावं लागतं आणि चित्राची विटंबना करता येत नाही. पण मालकाला इमारतच पाडायची असेल तर? पाडू शकतो, फक्त चित्रकाराला आधी रीतसर नोटीस आणि फोटो-नोंद करून घ्यायची संधी द्यावी लागते. आपल्याकडे यासाठी कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ आहे आणि त्याचा गाजलेला खटला भित्तिशिल्पाचाच आहे, दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं म्युरल सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं, त्याची नासधूस झाली, आणि दिल्ली हायकोर्टाने २००५ मध्ये पाच लाख भरपाई आणि उरलेले तुकडे परत द्यायला लावले. सव्वीस वर्षं लागली पण मिळालं.

आणि ही एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, रस्त्यावर उघड्यावर आहे म्हणून चित्राचा फोटो काढून विकता येत नाही. चौकातल्या पुतळ्याला कायद्यात सूट आहे, भिंतीवरच्या चित्राला नाही, ऑस्ट्रेलियात पण नाही आणि भारतात पण नाही. घरच्या अल्बमसाठी कुणी पकडायला येत नाही, पण त्याचे मग आणि टी-शर्ट छापायचे असतील तर चित्रकाराला विचारावं लागतं.

हे मी आईला सांगत होते तोपर्यंत तिने चारही जणांचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला होता. पाच मिनिटांत मामाचा रिप्लाय आला, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्याखाली अजून सात जणांचे हात जोडलेले.